तूतीच्या शोधात भंडारदरा

भंडारदऱ्याला गर्दी होते ती पावसाळ्यात धबधब्यांसाठी आणि पावसाच्या तोंडावर काजव्यांसाठी. डिसेंबर-जानेवारीत शेंडी गाव निवांत असते. याच दिवसांत सह्याद्रीच्या या भागात एक पाहुणी येते. तिचे नाव आपल्या घरांत सर्वांच्या तोंडी, पण तिला पाहिलेले क्वचितच कोणी.

‘नक्कारखान्यात तूतीचा आवाज कोण ऐकतो!’ असे आपली वडीलधारी मंडळी म्हणतात. फारसीत तूती म्हणजे पोपट, त्यामुळे घोटाळा होतो. आपल्याकडे मात्र तूती म्हणतात ती चिमणीएवढ्या, जाड चोचीच्या रोझफिंचला. हिमालयात उंचावरच्या झुडपांत ती घरटे करते. तिचे भाऊबंद थेट रशियापर्यंत पसरलेले आहेत. थंडीत ती दक्षिणेकडे उतरते आणि एप्रिलच्या सुमारास परतते.

इथे चीड नाही की देवदार नाही. म्हणून उंच झाडांकडे पाहत मान दुखवून घेऊ नका. रानाच्या कडेची घाणेरी, करवंदीच्या जाळ्या, बांबूची बेटे, कापणी झालेली नागली-वरईची शेते, तिथे शोधा. दाणे, रानफळे, फुलांतला मध, तिला सारे चालते.

खरी अडचण वेगळीच आहे. गुलाबी-लाल डोके आणि छाती असते ती फक्त प्रौढ नराची. मादी आणि वर्षाच्या आतला नर मातकट, छातीवर रेघा असलेले. थवा समोर असूनही ‘चिमण्याच आहेत’ म्हणून माणूस पुढे जातो. पंखावरच्या दोन फिकट पट्ट्या आणि शेपटीची खाच पाहावी. आणि कान द्यावा: प्रश्न विचारल्यासारखी, शेवटी वर चढणारी बारीक शीळ.

जानेवारीत बहिणीच्या दोन मुलींना घेऊन गेले होते. फजरनंतर गरम चहा घेऊन रतनवाडीच्या रस्त्याने चालत निघालो. धुके जलाशयावरून उठत होते. दोन तास बुलबुलांखेरीज काही नाही. धाकटी कंटाळली, तिला भूक लागली. बांधावर बसून आम्ही पराठ्याचा डबा उघडला आणि मागच्या घाणेरीतून ती शीळ आली. आठ-नऊ मातकट पाखरे. थोरलीने मोजता मोजता हात धरला, “खाला, तो बघा!” एकच लाल. काळी फळे खाऊन चोच जांभळी झालेली.

धाकटीने लगेच विचारले, “हा बाजारात मिळतो का?” प्रश्न साहजिक होता. तूती गोड गाते म्हणून तिला पिंजऱ्यात पाळण्याचा शौक जुना, आणि बाजारातल्या पिंजऱ्यांत मुलांनी मुनिया पाहिलेल्या असतात. पण असे रानपक्षी पकडणे, विकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मी तिला एवढेच सांगितले, की हिमालय ओलांडू शकणाऱ्या पाखराला आपल्या गॅलरीत काय दाखवणार? पटले की नाही, कोण जाणे.

पिंजऱ्याइतकीच मला वणव्याची धास्ती वाटते. थंडी सरता सरता डोंगरावरचे गवत वाळते. एक फेकलेली सिगारेट, नाहीतर न विझवलेली चूल, आणि बियांनी भरलेला अख्खा उतार काळा. तुम्ही जाल तेव्हा चूल पाण्याने विझवा, गाण्याचा स्पीकर घरीच ठेवा. दुर्बीण नसली तरी चालेल. सलीम अलींचे १९४१ साली प्रथम निघालेले भारतीय पक्ष्यांचे पुस्तक मात्र सोबत असू द्या. मुली परतीच्या एसटीत अकोल्यापर्यंत त्याचीच पाने उलटत होत्या, आणि खिडकीसाठी भांडतही होत्या.