मामूंची ॲम्बॅसडर आणि अकरा नट

माझ्या मामूंची ॲम्बॅसडर 1974 ची आहे, मार्क टू. हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मामूंनी ती सेकंडहँड घेतली आणि चिपळूण ते कराड प्रवासी वाहून चार मुलांची शिक्षणं तिच्यावर केली. आता मुलं आपापल्या ठिकाणी आहेत आणि गाडी अंगणात. मामूंच्या हाताला कंप सुटलाय, चहाची बशी खणखणते.

गेल्या वर्षी कुंभार्ली घाटात गाडी तापली. एका गॅरेजने हेड गॅस्केट बदलून दिलं. दोन महिन्यांत पुन्हा तेच: सायलेन्सरमधून पांढरा धूर, रेडिएटरचं पाणी गायब, डिपस्टिकवरचं तेल दुधाळ चहासारखं. गॅरेजवाला म्हणाला, "चाचा, ब्लॉकला चीर गेलीय, भंगारात द्या." भंगारवाला दुसऱ्याच दिवशी दारात. मामू काही बोलले नाहीत. जेवणही कमी झालं, तेव्हा मुमानीने मला फोन केला.

माझी लेक मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मुलगी गॅरेजात काय करणार?" हे तिच्या प्रवेशापासून आमच्या नात्यात दर ईदला कोणीतरी विचारतंच. ती सुट्टीत आली होती. तिने कॉलेजातून ओळखीने कॉम्प्रेशन गेज आणलं आणि मामूंना विचारलं, "नाना, उघडण्याआधी मोजू या का?" पहिला आणि चौथा सिलिंडर ठीक निघाले; दुसरा आणि तिसरा दोन्ही सारखेच कमी. मामू महिन्याभरात पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसले. शेजारशेजारचे दोन एकदम पडले, म्हणजे बहुतेक त्यांच्या मधल्या पट्टीत गॅस्केट जळलंय. चीर असेलही, पण ती आता सिद्ध व्हायला हवी होती.

गॅस्केट म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधला पातळ पत्रा. जुन्या गाड्यांत वरखाली तांबं आणि आत ॲस्बेस्टॉस. त्याच्या एका बाजूला पेटलेल्या पेट्रोलचा दाब, दुसऱ्या बाजूला पाणी, तिसरीकडे तेल. या तिघांना एकमेकांत मिसळू द्यायचं नाही एवढंच त्याचं काम. वस्तू स्वस्त, पण बसवायला पूर्ण हेड उतरवावं लागतं.

इंजिन रात्रभर गार होऊ दिलं. गरम हेडचे नट सोडले तर ते वाकू शकतं. पाणी काढलं, कार्ब्युरेटर आणि मेनिफोल्ड सुटे केले. ॲम्बॅसडरच्या या 1489 सीसी इंजिनात हेडचे अकरा नट आहेत, आणि त्यातले चार रॉकरलाही धरून असतात. म्हणून सगळे थोडे थोडे करून, आळीपाळीने सोडायचे. मग आठ पुशरॉड. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून मी त्यात ते ओळीने खोचले, कारण जो जिथला तो तिथेच परत जायला हवा. रॉड उपसताना थोडा फिरवायचा, नाहीतर खालचा टॅपेट त्याला चिकटून वर येतो. हेड ओतीव लोखंडाचं. मी आणि लेक, दोघींनी मिळून उचललं.

उचललं आणि गोष्ट समोर आली. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे काळा जळका मार्ग होता, आणि ब्लॉकवर जुन्या गॅस्केटचा खपला तसाच चिकटलेला. त्याच्यावरच नवीन ठेवून आवळलं होतं! माझ्या मते घाई हीच गॅरेजांची खरी व्याधी आहे. अक्कल सगळ्यांकडे असते, दुपार कोणाकडे नसते.

तरी ब्लॉकची शंका राहिलीच. मामूंनी सांगितलेली जुनी पद्धत केली. पृष्ठभाग साफ करून त्यावर रॉकेल चोळायचं, काही वेळाने कोरडं पुसून खडू फासायचा. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडूवर काळी रेघ उमटते. आम्ही तिघं पंधरा मिनिटं त्या पांढऱ्या लोखंडाकडे बघत उभे होतो. रेघ उमटली नाही. मामूंनी नुसतं "अल्हम्दुलिल्लाह" म्हटलं आणि चहा मागितला.

साफसफाईबद्दल थोडं जास्त सांगते. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक आहे. मामूंच्या तरुणपणी सगळे कोरडंच खरवडून तोंडाने फुंकर मारायचे. लेकीने ते पाण्याने भिजवून, मास्क लावून काढलं आणि कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला. सिलिंडरांत आणि पाण्याच्या वाटांत चिंध्या कोंबल्या होत्या, कचरा आत पडू नये म्हणून. पॉलिश पेपर घासायचा तिला मोह झाला, पण मामूंनी थांबवलं. "बाय, हाताने घासलंस तर मधे खळगा पडेल. दिसणार नाही, पण गळेल."

मग हेडवर सरळ पट्टी उभी धरली आणि खालून फीलर गेज सरकवून पाहिलं. 0.05 मिलिमीटरची पात मधोमध आरपार गेली. केसापेक्षा बारीक फट, पण स्फोटाच्या दाबाला तेवढी पुरते. हेड खेर्डीच्या वर्कशॉपात फेसिंगला दिलं आणि बजावलं, लागेल तेवढंच काढा. जास्त काढलं तर कॉम्प्रेशन वाढतं आणि इंजिन ठोके मारतं. ब्लॉक सपाटच होता.

नवीन गॅस्केट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून भाच्याने आणलं. जुन्यावर ठेवून भोकन् भोक जुळवलं. त्याच्यावर 'टॉप' आणि 'फ्रंट' असे शिक्के असतात. ते पाहूनच ठेवायचं, कारण उलटं बसवलं तर पाण्याची वाट झाकली जाऊ शकते. काही मेस्त्री ग्रीस लावतात, काही शेलॅक. मामूंचं मत, पृष्ठभाग चांगला असेल तर काहीच नको. वाद इथे संपवला.

मला वाटलं होतं, मामू म्हणतील हाताच्या अंदाजाने आवळा. चाळीस वर्षांचा हात तो. त्यांनी ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेला काटेवाला टॉर्क पाना काढला, त्यांच्या उस्तादांचा. "अंदाज चाकाच्या नटाला," म्हणाले. त्यांनी तो एकदा स्वतः धरून पाहिला. काटा थरथरत राहिला. मग काही न बोलता तो लेकीच्या हातात दिला आणि स्वतः आकडा वाचायला चष्मा पुसून बसले.

स्टडच्या आट्यांना तेलाचं बोट लावलं, नाहीतर घर्षणामुळे काटा खोटा आकडा दाखवतो. सुरुवात मधल्या नटापासून, मग एकदा इकडे, एकदा तिकडे, करत करत टोकांपर्यंत. टोकापासून आवळलं तर पत्रा मधे फुगतो आणि अडकून राहतो. आणि एका दमात पूर्ण नाही: आधी एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, शेवटी मॅन्युअलमधला पूर्ण आकडा. दुसऱ्या फेरीच्या मधेच असरची अजान झाली. "सहा झाले, पाच राहिले. ही फेरी संपव, मग उठू," मामू म्हणाले.

नमाजनंतर तिसरी फेरी, मग टॅपेट. मामूंनी परीक्षाच घेतली. "आठवा वॉल्व्ह पूर्ण दाबलेला आहे, फट कोणाची बघशील?"

"पहिल्याची. बेरीज नऊ."

"तिसरा दाबलेला?"

"सहावा."

तेल बदललं, पाणी भरलं, गाडी सुरू केली. वरचं झाकण उघडं ठेवून हवेचे बुडबुडे निघू दिले, पाणी पुन्हा भरलं, मग झाकण लावून इंजिन नीट तापू दिलं. दुसऱ्या सकाळी, पूर्ण गार असताना, अकराही नट त्याच क्रमाने एकेक करून किंचित सैल करून पुन्हा आकड्यावर आणले. तापल्यावर गॅस्केट दबतं, म्हणून हे करावंच लागतं. हेड किंचित खाली बसलं म्हणजे टॅपेटही पुन्हा. लेक जरा वैतागली होती, पण केलं.

2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. भाच्याने ते सुचवलं. पण तशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, हे कळल्यावर मामूंनी कागद परत केला.

त्या शुक्रवारी जुम्यानंतर आम्ही कुंभार्ली चढलो. लेक चालवत होती, मामू बाजूला, नजर तापमानाच्या काट्यावर. हेळवाकला थांबलो. गरम रेडिएटर उघडू नये म्हणून तासभर चहा-भजी झाली. मग झाकण उघडलं. पाणी काठोकाठ होतं. मामूंनी डिपस्टिक बाहेर काढली, तेल बोटांवर चोळलं, आणि बोटं लेकीच्या ओढणीला पुसली. मुमानी मागच्या सीटवरून ओरडली, "अहो, नवीन आहे ती!"