दीड लिटर पाणी

छंद म्हटला, की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो तो, ‘यातून मिळतं काय?’ शेळी पाळली तर दूध मिळते, कोंबडी पाळली तर अंडी मिळतात. मी काळेपांढरे फोटो काढतो, तेही फिल्मवर. या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मला आजवर देता आलेले नाही. मास्तर कादंबऱ्या लिहितो, एवढे गावाने केव्हाच पचवले आहे. मास्तराला एखादे वेड असायचेच! पण खिशात मोबाईल असताना अंधाऱ्या खोलीत दार लावून बसायचे, हे दुसरे वेड मात्र पुष्कळांना जड जाते.

माझा कॅमेरा म्हणजे अगफाचा ‘क्लिक थ्री’. एकेकाळी तो बडोद्यात तयार होई आणि मध्यमवर्गीय घरांत कपाटाच्या वरच्या खणात असे. मला तो जालन्याच्या जुन्या बाजारात मिळाला. त्यात जुळवाजुळव करण्यासारखे फारसे काही नाही. चार-पाच पावलांपेक्षा जवळ गेलो, की चेहरा अंधुक येतो. एका फिल्मवर चौकोनी बारा फोटो निघतात. तेरावा हवा असला तर दुसरी फिल्म आणा. उटकमंडला १९६० साली सरकारने हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला होता. त्याच्या ‘इंदू’ फिल्मवर आपल्याकडची किती लग्ने, किती बारशी उमटली असतील! तो कारखाना आता बंद झाला. फिल्म परदेशातून येते, आणि तिची किंमत घरात सांगताना मी आवाज जरा खाली आणतो.

रसायनशास्त्र माझे मॅट्रिकपर्यंतचे. पण फिल्म धुण्याचे द्रावण करायला तेवढे पुरते. मेटॉल दोन ग्रॅम, सोडियम सल्फाइट शंभर, हायड्रोक्विनोन पाच, टाकणखार दोन आणि एक लिटर पाणी. टाकणखार तर सोनाराकडेही असतो. अडचण येते ती पाण्याची. पुस्तके सांगतात, पाणी वीस अंशांचे हवे. पुस्तके लिहिणाऱ्यांनी मे महिन्यातला जालना जिल्हा पाहिलेला नसावा! मी द्रावणाची बाटली माठाच्या गार पाण्यात ठेवतो, माठाला ओले पोते गुंडाळतो, आणि तरीही पारा उतरला नाही तर धुण्याची वेळ कमी करतो.

त्याहून मोठी गोष्ट पुढेच असते. हायपोतून काढलेली फिल्म स्वच्छ धुतली नाही, तर काही वर्षांनी ती डागाळते. जुनी रीत अर्धा तास वाहत्या नळाखाली धरण्याची. केदारखेड्यात अर्धा तास नळ सोडून ठेवणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतील, ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. गाव पूर्णेच्या काठचे खरे, पण उन्हाळ्यात पूर्णेत वाळूच जास्त. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि सरपणाला गेल्या. म्हणून मी काटकसरीची रीत धरली आहे. अर्ध्या लिटरच्या डबीत पाणी भरायचे, ती पाच वेळा उलटीसुलटी करायची, पाणी बदलायचे. मग दहा वेळा, मग वीस वेळा. झाले दीड लिटर. तेव्हापासून बटण दाबण्यापूर्वी मला एकच विचारायची सवय लागली आहे: हा फोटो त्या पाण्याच्या लायकीचा आहे का? सूर्यास्त बहुधा नापास होतात.

पाण्याची ही ओढ जुनीच आहे. आमच्यापासून फार लांब नसलेल्या अजिंठ्याला मेजर रॉबर्ट गिल कित्येक वर्षे लेण्यांतल्या चित्रांच्या तैलरंगी नकला करीत राहिला. त्या लंडनला गेल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. त्याने काढलेले फोटो मात्र आजही पाहायला मिळतात. त्या काळी काचेवर द्रावण पसरून ती ओली असेतोवरच फोटो घ्यायचा आणि धुवायचा, असा प्रघात होता. लेण्यांखालून वाहणारी वाघूर पाहिली, की मला चित्रांआधी त्या माणसाच्या घागरी आठवतात.

माझी मोठी माय, म्हणजे थोरली चुलती, पंचाहत्तरीची आहे. एकदा मी डबी उलटीसुलटी करीत असताना ती ओट्यावर येऊन बसली. “काहून रे, फोटूला आंघोळ घालतो का?” म्हणाली. मग किती पाणी लागते ते विचारून घेतले, आणि जरा वेळाने आपण होऊन बोलू लागली.

“बहात्तर साली म्या गिट्टी फोडली. मिलू खाल्ली, सुकडी खाल्ली. तव्हा कोणी महा फोटू नाही काढला. आता काढ. पाणी म्या देते.”

खुर्चीवर बसायला ती तयार झाली नाही. उंबऱ्यावर बसली, पदर सारखा केला, आणि हात कुठे ठेवायचे ते न कळून गुडघ्यांवर पालथे ठेवले. मी दोनच फोटो घेतले. फिल्मवर आणखी सहा जागा उरल्या होत्या. पुढच्याच आठवड्यात तिला धाप लागली आणि जालन्याच्या दवाखान्यात हलवावे लागले. टँकर आठ दिवसांनी येत होता. मी सहा जागा तशाच सोडून रात्री फिल्म काढली. धुवायला पाणी हवे म्हणून गेलो, तर चुलतभावाने न बोलता कोपऱ्यातली कळशी दाखवली. म्हातारीने निघताना सांगून ठेवले होते, तिला कुणी हात लावायचा नाही.

त्या रात्री फिल्म उजेडाकडे धरली. उलट्या छायेत तिचे केस काळे होते आणि चेहराही काळा. डोळे तेवढे पांढरे.

ती परत आली तोवर मी निगेटिव्हवर कागद ठेवून तेवढ्याच आकाराची प्रत केली होती. प्रत करताना शाळेतली दोन पोरे लाल दिव्याखाली उभी होती. कोऱ्या कागदावर आधी पदर उमटला, मग हात. एकाने विचारले, “गुरुजी, आजी आधीच कागदात होती का?” याचेही उत्तर मला आले नाही.

मोठ्या मायने ती काडेपेटीएवढी प्रत डोळ्यांशी नेली. चेहऱ्याकडे तिने पाहिलेच नाही. “हे हात मह्या सासूचे हायेत,” म्हणाली. मी मोठी करून चौकट घालून देतो म्हटले, तर नको म्हणाली. भिंतीवर गेलेली माणसे असतात. तो फोटो तिने रेशनकार्डात घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला.

आता तिच्या भावाला एक हवा आहे. दिवाळीत शेजाऱ्यांच्या आकाशकंदिलाचा उजेड माझ्या अंधाऱ्या खोलीत फटीतून येतो, म्हणून ते दिवस मी काम बंद ठेवतो. भाऊबिजेनंतर करून देईन, असे सांगितले आहे. विहिरीला सध्या पाणी आहे.