पंखा फिरला हो!

तुमची गाडी उभ्या-उभ्या तापते का? सांगा ना, तापते का? कारण ती का तापते हे मला कळलंय! मी मेकॅनिक नाही. बॉनेटखालचं निम्म्याहून जास्त मला आजही कळत नाही. पण हे एवढं कळलंय, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही!

आमची गाडी सरावलीहून चिल्हार फाट्यापर्यंत मजेत जायची. काटा मध्यावर, हलायचं नाव नाही! पण बोईसरच्या गर्दीत शिरलं, एमआयडीसीतल्या कंपन्या सुटायची वेळ असली, पुढे टेम्पो, मागे बस, की गाडी जागच्या जागी घुरघुरत राहायची आणि मग काटा वर सरकायचा आणि मग लाल रेघेला टेकायला जायचा आणि मग रस्ता मोकळा व्हायचा, गाडी पळायला लागायची आणि काटा खाली! आपोआप!

गॅरेजवाल्या मेस्त्रींनी बॉनेटला हात लावायच्या आधी एकच विचारलं, "भाऊ, चालताना तापते की उभी असताना?" बस्स! आणि त्या एका प्रश्नात अर्धा तपास झाला होता!

बघा कसं ते. इंजिनाची उष्णता कूलंट उचलतं, रेडिएटरमध्ये आणतं, तिथून हवा ती घेऊन जाते. गाडी पळतेय तोवर वारा समोरच्या जाळीतून फुकट मिळतो. गाडी थांबली की वारा बंद! मग हवा ओढणार कोण? पंखा! म्हणजे पळताना थंड आणि उभ्याने गरम, तर पहिला संशय पंख्यावर! पळतानाही तापली असती तर कूलंटची गळती, अडकलेला थर्मोस्टॅट, वॉटर पंप यांच्यामागे लागावं लागलं असतं. आपल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रातही उरलेली उष्णता टाकायची कुठे हा प्रश्न आहेच. त्यांच्याकडे अरबी समुद्र आहे. आपल्याकडे हा एवढासा पंखा!

मग चला, शोधूया! एसी लावला. बऱ्याच गाड्यांत एसी लावला की पंखा फिरायलाच हवा. गप्प! फ्यूज काढून पाहिला. शाबूत! पंख्याला करंट देणाऱ्या रिलेच्या शेजारी अगदी त्याच नंबरचा दुसरा रिले होता, तो काढून पंख्याच्या जागी बसवला. तरी गप्प! आणि मग मेस्त्रींनी पंख्याचा सॉकेट सोडवला आणि त्यात टेस्ट लॅम्प लावला आणि तो पेटला! पेटला हो! म्हणजे करंट पंख्याच्या दारापर्यंत येतोय, दोष पंख्याच्या मोटारीतच! आणि मग त्यांनी सॉकेट परत जोडला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटारीवर हलकेच टकटक केलं आणि पंखा फिरायला लागला! मोटारीतले कार्बन ब्रश झिजले होते. एवढासा कार्बन, आणि त्याच्यापायी अख्खं इंजिन धोक्यात!

हे कळल्यापासून मी जो भेटेल त्याला सांगत सुटलोय. थर्मोस्टॅटमध्ये काय असतं माहितीय? मेण! मेण तापून वितळतं, फुगतं, वॉल्व ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते! ना वायर, ना बटण! आणि रेडिएटरचं झाकण! ते नुसतं झाकण नाही, ते आत दाब धरून ठेवतं. वातावरणाइतकाच आणखी एक दाब चढला की पाणी 100 ऐवजी 120 अंशांना उकळतं! म्हणून तर गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. दाब सुटला की क्षणात उकळतं पाणी अंगावर येतं! कधीही नाही, कितीही घाई असली तरी नाही!

आणि हे तर ऐकाच! 1900 साली विल्हेल्म मायबाख यांनी पहिल्या मर्सिडीजसाठी जो रेडिएटर केला, त्यात 8,070 बारीक नळ्या होत्या! आठ हजार सत्तर! आणि त्याच्यामागे काय होतं? पंखा! तेव्हापासून तोच पंखा!

तर आमच्या पंख्याला नवी मोटार बसली. रेडिएटरच्या पात्यांत धूळ गच्च बसली होती, तीही इंजिनाच्या बाजूने पाण्याची हलकी धार मारून काढली. आणि मग गाडी न्यूट्रलला सोडून आम्ही काट्याकडे बघत उभे! काटा मध्यावर आला आणि मग खट्, पंखा सुरू! थोड्या वेळाने बंद! परत सुरू! परत बंद! इतकं सुंदर काही मी बॉनेटखाली कधी पाहिलं नव्हतं!

आता तुमची पाळी. गाडी मोकळ्या जागेत उभी करा, एसी बंद ठेवा, इंजिन चालू ठेवा, काटा बघत राहा आणि कान द्या. हात मात्र पंख्यापासून लांब, इंजिन बंद केल्यावरही तो अचानक फिरू शकतो. काटा मध्याच्या वर चढतोय आणि पंखा गप्पच? इंजिन लगेच बंद करा, गार होऊ द्या आणि गॅरेज गाठा. मेस्त्रींना नुसतं "गाडी तापते" म्हणू नका. "उभ्याने तापते, पळताना नाही" असं सांगा. आणि मग त्यांचा चेहरा बघा! जा ना, आत्ता जा!