बेसाल्टमधलं हरवलेलं गंधक

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिराभोवतीचा सगळा मुलूख बेसाल्टचा. धातूसारखी झळाळी असलेल्या गंधकी खनिजांच्या संग्राहकाने इथे फार आशा धरू नये, असं माझं मत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा हा लाव्हा उघड्यावर वाहिला, तेव्हा त्यातलं बरंचसं गंधक वायू होऊन उडून गेलं. तांब्या-लोखंडाशी जुळायला फारसं उरलंच नाही. पोकळ्यांत मागाहून भरले ते झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोटी.

कुणी विचारेल, विहीर खोदताना पिवळे चमकते कण निघाले तर? निघोत बापडे, चार कणांनी साठा ठरत नाही. ते सोनं असण्याची शक्यता तर त्याहून कमी, पारखून पाहावं: पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं पिवळं खनिज, सुरीला दाद देत नाही आणि चिनीमातीच्या खडबडीत पाठीवर हिरवट काळी रेघ उमटवतं, सोन्याची रेघ पिवळीच येते. तांब्या-लोखंडाचं गंधकी खनिज, चाल्कोपायराइट, हवं असेल, तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासनाचे कितीतरी जुने खडक अभ्यासावेत. नमुना मात्र कोरडा ठेवावा. दमट हवेत पायराइट कुजतं आणि त्यातून सुटणारं आम्ल डबीतली चिठ्ठीसुद्धा खातं.