कासव : एक शब्द, तीन जीव

इंग्रजीतल्या 'टर्टल' आणि 'टॉर्टॉइज' या दोन शब्दांसाठी मराठीत आपल्याजवळ 'कासव' हा एकच शब्द आहे. कूर्म, कच्छप हेही आपण त्याचे पर्याय म्हणूनच योजतो. पाण्यातले कोणते आणि जमिनीवरचे कोणते, हे त्यांतून कळत नाही. भाषांतराच्या तासाला 'संदर्भाने अर्थ ठरतो' असे सांगून मी पुढे जाते. संदर्भच हरवला तर काय होते, हे मात्र बोरिवलीत आमच्याच इमारतीतल्या एका दिवाणखान्यात पाहावयास मिळाले.

तेथे तीन फुटी फिशटँकमध्ये तीन कासवे होती. पहिले, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले, मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातले. नाण्याएवढे पिल्लू म्हणून ते विकले जाते आणि वाढून फूटभराच्या आसपास जाते. त्याला पोहायला पाणी आणि अंग शेकायला कोरडी, उबदार जागा लागते. दुसरे आपल्याकडच्या तळ्यांतले, मागचे पाय झडपांखाली झाकून घेणारे. ते चिखलात रुतून राहते. त्याच्या पाठीवर मऊ कातडी असते आणि चाव्याने, ओरखड्याने ती सहज दुखावते. तिसरे चांदणी कासव. ते कोरड्या माळरानाचे, गवतपाल्यावर जगणारे. त्याला पोहता येत नाही; सततच्या ओलाव्याने त्याची फुप्फुसे बिघडतात. टँकमध्ये एका दगडावर ते दिवसभर मान आत ओढून बसलेले असे.

"मॅडम, भांडत नाहीत हो, फार शहाणी आहेत," शेजारी कौतुकाने म्हणाले. त्यांच्या मुलीने तिघांना नावेही दिली होती.

या वाक्याने मी अस्वस्थ झाले. कासव ओरडत नाही. त्याचे दुःख आपल्या कानावर येतच नाही. जखम दिसेपर्यंत, खाणे सुटेपर्यंत त्याच्या मौनाचा अर्थ आपण समाधान असाच लावतो. शिवाय वेगवेगळ्या भूखंडांवरचे जीव एकाच पाण्यात ठेवले की एकाला सोसणारा रोगजंतू दुसऱ्याला मारक ठरू शकतो. माणसालाही यात धोका आहे : कासवांच्या अंगावरील साल्मोनेला जंतूंमुळे मुले आजारी पडू लागली, तेव्हा अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

आपल्या संतसाहित्यात कासवी पिल्लांना केवळ दृष्टीने पोसते. कल्पना अतिशय सुंदर आहे. प्रत्यक्षातली कासवी अंडी पुरून निघून जाते. पण त्या रूपकातला एक अर्थ मला येथे खरा वाटतो. पोसण्याआधी पाहावे लागते. टँकसमोर रोज बसणाऱ्या त्या कुटुंबाला कासव दिसत होते. ही तीन वेगळी कासवे आहेत, हे दिसत नव्हते.

यातली दोन देशी कासवे घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. चांदणी कासवाची तस्करी एवढी वाढली की २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. हे सांगितल्यावर शेजारी घाबरले. "मग तिन्ही तळ्यात सोडून देतो," म्हणाले. तेही योग्य नव्हे. लाल पट्ट्याचे कासव जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. आपल्या तळ्यांत ते देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. चांदणी कासव तर तळ्यात बुडेलच. देशी कासवे वनखात्याकडे सोपवावीत आणि परदेशी कासव स्वतंत्र, मोठ्या टँकमध्ये शेवटपर्यंत सांभाळावे, हाच मार्ग उरतो. 'शेवटपर्यंत' म्हणजे वीस-तीस वर्षेही असू शकतात.

मुलगी रडली. "एकत्र होती तर किती छान होते," असे ती म्हणत राहिली. बापाला कायद्याचे भय, मुलीला ताटातुटीचे दुःख; कासवांचे स्वतःचे काय म्हणणे होते, ते या दोन्हींत कोठेच नव्हते. अखेर दोन कासवे वनखात्याकडे गेली.

'सहजीवन' हा शब्द आपण निबंधांत आणि भाषणांत फार सैलपणे वापरतो. एका जागी ठेवले म्हणजे एकत्र नांदणे झाले, असे आपल्याला वाटते. नांदण्यासाठी प्रत्येकाला आपापले पाणी, आपापले ऊन आणि आपापला चिखल लागतो. हे वेगळेपण शब्दात नसेल, तर ते आपल्या नजरेत तरी असावे.