शनिवारचे कपाट

शनिवारी दुपारचे जेवण आटोपले की आमच्या शाळेच्या ओसरीवर सतरंजी पडते आणि पुस्तकांचे लोखंडी कपाट उघडते. 'ग्रंथालय' हा भारदस्त शब्द त्या कपाटास शोभत नाही. परंतु नोंदवहीवर तोच लिहिला आहे, तेव्हा आमचाही इलाज नाही. पाचवीतली एक मुलगी नोंदी करते, चौथीतले दोघे पुस्तके परत घेतात आणि पहिलीतली पोरे चित्रांसाठी भांडतात. एखाद्या पुस्तकातून मोराचे पीस निघते, एखाद्यातून भाकरीचा वाळका तुकडा. पावसाळ्यात कुंतालाच्या धबधब्यावर जायचे ठरले, तर मात्र त्या शनिवारी कपाटाकडे कोणी फिरकत नाही.

पूर्वीच्या एका शाळेत असेच कपाट आम्ही वर्षानुवर्षे कुलूपबंद ठेवले होते, हे कबूल केलेले बरे. तपासणीच्या दिवशी पुस्तकांची संख्या जुळली की आम्ही निर्धास्त. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच पुस्तकांच्या वापराविषयी आहे. आम्हांस तो ठाऊक होता. पाळला मात्र वाळवीने.

नेरडीगोंड्यास आमच्या शाळेचे माध्यम तेलुगू. घरी मुले कोणी गोंडी, कोणी लमाणी, कोणी मराठी बोलतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या माळ्यावरचे जुने 'चांदोबा' आम्ही त्या कपाटात आणून ठेवले. 'चंदामामा' तेलुगू व तमिळमध्ये जुलै १९४७ मध्ये निघाला, त्याचा मराठी भाऊ 'चांदोबा' १९५२ साली. चित्रे तीच, विक्रम आणि वेताळ तेच. लिपी तेवढी निराळी. दोन्ही मासिके आता बंद पडली, तरी रद्दीवाल्याच्या कृपेने काही तेलुगू अंकही मिळाले.

चौथीतल्या एका मुलाने दोन्ही भाषांतला एकेक अंक नेला. तेलुगू अंक परत आला. 'चांदोबा' तीन शनिवार आला नाही. पोरास मराठी वाचता येत नव्हते, म्हणजे अंक हरवलाच, असे आम्ही ठरवून टाकले आणि चौथ्या शनिवारी सर्वांदेखत त्यास रागावलो. तो खाली मान घालून उभा राहिला.

सायंकाळी त्याचे आजोबा आले. अंक फडक्यात गुंडाळलेला.

"गुरुजी, पोराला बोलू नका. त्यानं तीनदा मागितला, मीच सोडला नाही."

लहानपणी ते किनवटास मामाकडे राहून चौथीपर्यंत मराठी शिकले होते. १९५६ पर्यंत किनवट आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होते. पुढे ते नांदेडात गेले आणि आजोबा इकडे शेतीवर परतले. त्यानंतर त्यांच्या हाती मराठी छापील कागद आला तो बहुधा लग्नपत्रिकेचाच. आता नातू तेलुगू गोष्ट वाची, आजोबा मराठी, आणि चित्रावरून दोघे जागा जुळवीत.

"अक्षरं ओळखायला लागलाय," आजोबा म्हणाले, "जोडाक्षरांपाशी अडतो."

आम्ही आजोबांस चहा पाजला. क्षमा मात्र त्यांच्याकडे नव्हे, नातवाकडे मागायची होती, आणि मुख्याध्यापकाच्या जिभेला ते जड जाते. पुढच्या शनिवारी ज्या सतरंजीवर रागावलो होतो तेथेच, सर्वांदेखत, "आमची चूक झाली" असे त्यास सांगितले. पोरे चकित झाली; तो मात्र सरळ कपाटाकडे गेला.

नोंदवहीत आजोबांसाठी रकाना नाही. त्यांची नोंद आम्ही शेऱ्यात करतो. त्यांनी न वाचलेले 'चांदोबा' आता अकराच उरले आहेत. कोणा वाचकाच्या माळ्यावर जुने अंक असतील, तर वाळवीच्या आधी आमच्या शाळेस द्यावेत.