निम्मं संरक्षण मी नाकारलं

तालुक्याच्या गावात डॉक्टरचा शब्द दवाखान्यापुरता राहत नाही. एका आईला सांगितलेली गोष्ट जावेकडे जाते, नणंदेकडे जाते, तिथून तिच्या माहेरच्या गावापर्यंत पोचते. सल्ला चुकीचा असला तर तोही याच वाटेनं जातो. सोलापूर जिल्ह्यातल्या अशा एका गावी मी बरीच वर्षं प्रॅक्टिस करते आहे. रोटाव्हायरसच्या लशीबद्दल मी लोकांना जे सांगत आले, त्यातलं बरंच चुकीचं होतं. त्याच समजुती आजही कानावर येतात, म्हणून माझ्या चुका लिहून ठेवते आहे.

महाराष्ट्रात ही लस २०१९ साली सरकारी लसीकरणात आली. त्याआधी ती खासगीत मिळायची आणि महाग होती. आईवडील विचारायचे, "मॅडम, ती जुलाबाची लस घ्यावी का?" मी सांगायची, "पाणी उकळून द्या, हात धुवा, बाटलीनं दूध पाजू नका. तुमच्यासारख्या स्वच्छ घरात तिची गरज नाही." ऐकणाऱ्याचे पैसे वाचायचे, वर घराचं कौतुकही व्हायचं. त्यामुळे या सल्ल्याला कधी कुणी हरकत घेतली नाही, आणि मीही तो पुन्हा तपासून पाहिला नाही.

खरं तर तो तपासायला एकच गोष्ट आठवायला हवी होती. हा विषाणू १९७३ साली रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला तो ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये, जुलाबानं आजारी झालेल्या तिथल्या मुलांच्या आतड्यांत. त्या शहरात नळाला शुद्ध पाणी होतं, घरोघरी शौचालयं होती, तरी मुलं आजारी पडत होती. लस येण्याआधी श्रीमंत देश असो की गरीब, पाच वर्षांची होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला या विषाणूची लागण एकदा तरी होत असे. लागण व्हायला अगदी थोडे विषाणू पुरतात. ते हातांवर, खेळण्यांवर, पाळण्याच्या कठड्यावर टिकून राहतात, आणि रांगणारं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. कॉलरा, टायफॉइड, आमांश यांच्यासाठी स्वच्छ पाणी आणि धुतलेले हात यांची किंमत फार मोठी आहे. रोटाव्हायरस मात्र तेवढ्यानं थांबत नाही.

हे मला एका शिक्षक दांपत्याच्या मुलामुळे कळलं. घर लख्ख, पाणी उकळलेलं, बाळ अंगावर पिणारं. लशीचं त्यांनी विचारलं होतं आणि मी नको म्हटलं होतं. बाळ नऊ महिन्यांचं असताना, जानेवारीत, त्याला उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत पाण्यासारखे जुलाब आणि ताप. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत हा आजार वाढतो, हे मी शिकले होते. तरी मी अँटिबायोटिक लिहून दिलं. विषाणूवर त्याचा काहीच उपयोग नसतो. ओआरएसचं पाकीट हातात ठेवलं आणि "थोडं थोडं पाजत राहा" एवढं सांगून पुढचा पेशंट बोलावला.

त्या आईनं एक लिटर पाण्याचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं. शिकलेली बाई, पण किती पाण्यात घालायचं हे मी सांगितलंच नव्हतं. असं दाट पाणी बाळाच्या अंगात मिठाचं प्रमाण वाढवतं आणि जुलाबही वाढवू शकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आणलं तेव्हा डोळे खोल गेले होते, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर जागेवर यायला वेळ लागत होता, रात्रीपासून लघवी नव्हती. सोलापूरला नेऊन सलाईन लावल्यावर बाळ वाचलं. त्याच्या वडिलांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. पण लस नको हे मीच सांगितलं होतं, आणि ओआरएस कसं करायचं हे सांगायचं राहिलं होतं तेही माझ्याकडूनच.

त्यानंतर मी वाचायला बसले. तिथे दुसरी चूक सापडली. भारतात तयार झालेल्या रोटाव्हॅक या लशीची मोठी चाचणी दिल्ली, पुण्याजवळचं वढू आणि वेल्लोर इथे ६,७९९ बाळांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबापासून मिळणारं संरक्षण सुमारे ५४ टक्के निघालं. हा आकडा मी तेव्हाच पाहिला होता आणि "निम्मीच चालते, काय करायची" म्हणून बाजूला सारला होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या रोटासील या लशीचे आकडेही भारतातल्या चाचणीत फार मोठे नव्हते. पण आजार जितका गंभीर, तितकं तिचं संरक्षण जास्त, हेही त्याच चाचणीत दिसलं होतं, आणि ते मी वाचलंच नव्हतं.

आपल्या देशात लस येण्यापूर्वीच्या अंदाजानुसार रोटाव्हायरसनं दर वर्षी पाच वर्षांखालची सुमारे ७८ हजार मुलं दगावत होती आणि पावणेनऊ लाखांच्या आसपास मुलं दवाखान्यात दाखल होत होती. यातला निम्मा भार जरी कमी झाला तरी किती घरं वाचतात याचा हिशोब मी केला नाही. उजनी धरण निम्मं भरलं म्हणून आमच्याकडचा एकही शेतकरी त्या पाण्याला नको म्हणत नाही. मी मात्र मुलांच्या बाबतीत नेमकं तेच केलं.

तिसरी गोष्ट भीतीची. १९९८ मध्ये अमेरिकेत आलेली रोटाशील्ड ही लस वर्षभरातच परत घ्यावी लागली, कारण ती दिल्यावर काही बाळांच्या आतड्यात आतडं शिरण्याचा प्रकार वाढलेला दिसला. ही हकिकत मी पालकांना आवर्जून सांगायची. नंतरच्या लशींमध्ये हा धोका फारच थोडा आहे, त्यांच्या मोठमोठ्या चाचण्या याच काळजीपोटी झाल्या, आणि भारतात रोटाव्हॅक सुरू झाल्यावर रुग्णालयांत ठेवलेल्या नजरेत असा वाढीव धोका आढळला नाही, हे मात्र सांगायची नाही. अर्धी माहिती देऊन मी आईवडिलांना घाबरवलं. लस दिल्यावर बाळ थांबून थांबून कळवळून रडलं, सतत उलट्या झाल्या किंवा शीतून रक्त पडलं तर ताबडतोब दवाखाना गाठायचा, एवढं सांगणं पुरेसं होतं.

लस सरकारी कार्यक्रमात आल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. आशाताईंच्या बैठकीत, लसीकरणाच्या दिवशी, दवाखान्यात मी उत्साहानं सांगू लागले, "हे डोस घ्या, बाळाला जुलाब होणार नाहीत." पावसाळ्यात ऊसतोड करणाऱ्या एका कुटुंबातली आजी नातीला घेऊन आली. मुलीचा पहिला डोस झाला होता आणि तिला जुलाब लागले होते. "डाक्टरीणबाई, तुमीच म्हनला व्हता, डोस दिला की हगवण लागत न्हाई. मग ह्ये काय?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायला उशीर झाला होता. जुलाब पुष्कळ जंतूंमुळे होतात. ही लस त्यातल्या एकाच विषाणूसाठी आहे, आणि तिचं मुख्य काम त्याचा आजार गंभीर होऊ न देणं हे आहे. आजीनं ऐकून घेतलं, पण पटलं नाही. दिवाळीनंतर ते कुटुंब कारखान्याकडे गेलं आणि मुलीचे पुढचे डोस राहिले. त्या आजीचा विश्वास लशीमुळे तुटला नव्हता. मी देऊ नये ते वचन दिलं होतं, म्हणून तुटला होता.

आणखी एक चूक मी वर्षानुवर्षं केली. बाळाला जरा सर्दी दिसली, अंग कोमट लागलं, की "पुढच्या वेळी देऊ" म्हणून परत पाठवायची. साध्या सर्दीखोकल्यात किंवा किरकोळ तापात ही लस थांबवायचं कारण नाही. त्यातून या लशीला वयाची मर्यादा आहे. पहिला डोस बाळ एक वर्षाचं व्हायच्या आत सुरू व्हावा लागतो; वर्ष उलटल्यावर सुरुवात करत नाहीत. माझ्या "पुढच्या वेळी"मुळे किती मुलांची वेळ निघून गेली, ते मला आता शोधूनही सापडणार नाही.

आता मी काय करते ते सांगते. प्रत्येक बाळाचं माता व बाल संरक्षण कार्ड मागून बघते, आजार कोणताही असो. लस काय करते आणि काय करत नाही, दोन्ही सांगते. ओआरएसचं पाकीट देताना एक लिटरची बाटली समोर ठेवून कालवून दाखवते आणि आईला चमच्यानं पाजायला लावते. सोबत चौदा दिवस झिंक देते, आणि अंगावरचं दूध बंद करू नका असं बजावते. विषाणूच्या जुलाबाला अँटिबायोटिक लिहीत नाही, आईवडिलांनी आग्रह धरला तरीही.

वाचणाऱ्या आयांना, आज्यांना, बाबांना माझी विनंती आहे. सहा, दहा आणि चौदा आठवडे ही तीन वयं लक्षात ठेवा. लस तोंडावाटे दिली जाते आणि सरकारी केंद्रात मोफत मिळते. कामासाठी गाव सोडावं लागलं तर कार्ड बरोबर न्या. जिथे असाल तिथल्या केंद्रात पुढचा डोस मिळतो. डॉक्टरनं "स्वच्छ घराला गरज नाही" म्हटलं तर त्याला कारण विचारा. मला कोणी वेळेवर विचारलं असतं, तर मी ही लस इतकी वर्षं नाकारली नसती.